तिसऱ्या मुलाचं नाव

आंबवड्याच्या झुलत्या पुलावरून दोन माणसं एकामागोमाग निघाली, की मागच्याचं पाऊल पुढच्याला तळव्यातून कळतं. वळून बघावं लागत नाही. भाचीला हा पूल हवा होता तो याचसाठी. पुण्यात चित्रपट-संकलन शिकणाऱ्या या मुलीच्या डोक्यात वीस मिनिटांचा एक लघुपट आहे. बारावीतली चार मुलं, आषाढातली अंधारून आलेली संध्याकाळ, आणि त्यांच्या मागावर असलेला एक मुखवटेवाला. मामा भोरच्या बाजूला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. जागा दाखवायला ते हौसेने आले होते. गोष्ट ऐकली तेव्हा मात्र पुलाच्या अलीकडेच थांबले.

"मुलांना मारायचं कशासाठी?"

"भीती वाटावी म्हणून, मामा."

"भीती वाटायला मारावंच लागतं?"

इथून जे भांडण सुरू झालं ते दोघांनीही मनापासून केलं. पूल ओलांडून नागेश्वराच्या देवळात, तिथून समाध्यांकडे आणि परत एसटीच्या थांब्यापर्यंत ते चाललं.

ज्या चित्रपटांवरून हे भांडण होतं त्यांना स्लॅशर म्हणतात. सुरा, कोयता, आकडा असं काहीतरी हातात घेतलेला, तोंड झाकलेला एक माणूस, आणि एकेक करून कमी होत जाणारी कॉलेजच्या वयाची मुलं. साचा ठरलेला आहे आणि तो जगभर चालतो. हिंदीत २००३ या एकाच वर्षात 'कुछ तो है', श्याम रामसे यांचा 'धुंद' आणि 'श्श्श' असे तीन चित्रपट याच साच्यातून निघाले. मराठीत मात्र हा साचा कधी नीट बसलाच नाही. तो का बसला नाही, हाच खरं तर या दोघांच्या वादाचा गाभा होता, फक्त त्यांना तो बराच वेळ सापडत नव्हता.

भाचीने आधी कारागिरीची बाजू मांडली. "तुम्हाला वाटतं हे सगळं रक्त उडवणं आहे. हिचकॉकच्या 'सायको'त न्हाणीघरातला तो प्रसंग पाऊण मिनिटाचा आहे. त्यासाठी सात दिवस चित्रीकरण केलं. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं, कारण चित्रपट कृष्णधवल होता. आणि सुऱ्याचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढलेला. सुरा अंगात शिरताना दिसतो असं आपल्याला वाटतं, पण आपल्याला दिसतात ते तुकडे. जोडून घेतो आपण. ते जोडणं हेच माझं शिक्षण आहे."

मामांना आवाजाची गोष्ट आवडली. त्यांच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हा पडद्याच्या मागच्या बाजूला बसून पाहणाऱ्यांना सगळं उलटं दिसे, पण आवाज सुलटाच येई, हे त्यांनी सांगितलं. भाचीला जोर चढला.

'हॅलोविन'चं तिने सगळं सांगितलं, आणि ते सांगण्यासारखं आहेच. जॉन कार्पेंटरने १९७८ साली जेमतेम तीन लाख डॉलरांच्या आसपास खर्चात आणि वीसेक दिवसांत तो केला. गोष्ट पानगळीच्या मोसमातली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियाच्या वसंतात. म्हणून रंगवलेली वाळकी पानं रस्त्यावर पसरायची, प्रसंग झाला की गोळा करायची आणि पुढच्या जागी पुन्हा पसरायची. खुन्याचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'मधल्या कप्तान कर्कचा, दुकानात दोन डॉलरांच्या आत मिळालेला रबरी चेहरा. तो पांढरा रंगवला, भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटले. संगीतही कार्पेंटरने स्वतःच दिलं. त्याच्या वडिलांनी लहानपणी त्याला बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता, तोच त्याने पियानोवर घेतला.

"पाच?" मामांनी कठड्यावर बोटांनी मोजून पाहिलं. "म्हणजे झपतालाचा अर्धा."

"हो! चार मात्रांनंतर सम येईल असं आपल्या कानाला वाटत राहतं आणि ती येत नाही. त्या चित्रपटात रक्त जवळजवळ नाहीच, मामा. नुसती वाट पाहणं आहे."

मामा काही क्षण गप्प होते. मग म्हणाले, "वाट पाहणं मला माहीत आहे."

*

१९७६ साली मामा पुण्यात बी.ए.ला होते, टिळक रोडजवळच्या एका खोलीत तिघांबरोबर राहत होते. जोशी-अभ्यंकर खून प्रकरण म्हणून महाराष्ट्र जे ओळखतो, ते त्यांनी त्या खोलीच्या कडीकोयंड्यामागून अनुभवलं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या चौदा महिन्यांत दहा माणसं मारली गेली. मारणारे त्याच रस्त्यावरच्या कला महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. पहिला बळी त्यांच्याच कॉलेजातला विद्यार्थी, शेवटचा एका ओळखीच्या विद्यार्थ्याचा भाऊ. मधे दोन कुटुंबं, एक ऑक्टोबरच्या अखेरीस आणि एक १ डिसेंबरच्या रात्री. नायलॉनची दोरी प्रत्येक ठिकाणी.

"दिवेलागण झाली की रस्ता ओस," मामा सांगत होते. "कुणी बेल वाजवली तर आम्ही चौघं एकमेकांकडे बघायचो. आणीबाणी होती. वर्तमानपत्रांत असेल त्यापेक्षा अफवाच जास्त कळायच्या. कुणी म्हणे टोळी बाहेरची आहे, कुणी म्हणे वेडा आहे. सगळे एक भयंकर चेहरा शोधत होते. आणि ते चौघं आमच्याच रस्त्यावरून सायकली-मोटरसायकली घेऊन हिंडत होते. त्यांना मुखवटा लागला नाही, पोरी. त्यांनी बेल वाजवली आणि दार उघडलं गेलं."

भाचीला ही हकिकत ठाऊक नव्हती असं नाही. पुण्यात वाढलेल्या कुणालाही ती कानावरून गेलेली असतेच. पण मामांनी ती या सुरात कधी सांगितली नव्हती.

"डिसेंबरच्या त्या घरातले आजोबा म्हणजे काशिनाथशास्त्री अभ्यंकर," मामा पुढे म्हणाले. "संस्कृत व्याकरणातलं मोठं नाव. त्यांचा व्याकरणकोश १९६१ साली बडोद्याहून निघाला, आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. पाणिनीय व्याकरणातली एखादी संज्ञा अडली की लोक तोच उघडतात. पंच्याऐंशी ओलांडलेला माणूस. त्यांच्या पत्नी, घरकाम करणारी बाई, कॉलेजच्या वयाची नात आणि नातू. आता मला सांग, त्या नातवाचं नाव काय?"

भाची गप्प.

"मलाही आठवत नव्हतं. परवा मुद्दाम शोधलं. आणि मारणाऱ्यांची नावं? झोपेतून उठवून विचार, चारही आडनावांसकट सांगेन. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं मी ती नावं जपलीत, आणि माझ्याच वयाच्या त्या मुलाचं नाव हरवलं. हे कुणी केलं माझ्या डोक्याचं?"

याला आधार हवा असेल तर तो आहे. राजदत्त यांनी १९८६ साली या प्रकरणावर 'माफीचा साक्षीदार' केला, त्यात नाना पाटेकरांनी टोळीच्या म्होरक्याची भूमिका केली आणि लक्षात राहिली ती तीच. फाशी झालेल्यांपैकी एकाने तुरुंगात लिहिलेलं आत्मकथन पुस्तकरूपाने निघालं. विवेक वाघ यांच्या शोधपटाला ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत शोधपटांमधला सर्वोत्तम पुरस्कार मिळाला, तो कष्टाने केलेला आहे आणि त्या काळाची चौकशी नेटाने करतो. त्याचं नाव मात्र 'जक्कल'. म्हणजे म्होरक्याचं आडनाव. दुसरं नाव दिलं असतं तर लोकांना विषय कळला नसता, हीच तर मामांची तक्रार होती. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. गावोगावच्या पारांवर आजही निघतात ती त्यांचीच नावं.

स्लॅशरचंही तेच आहे. मालिकेचे भागामागून भाग निघतात, दरवेळी मुलं नवी असतात आणि मुखवटा तोच परत येतो. पोस्टरवर तो. खेळण्यांच्या दुकानातही तोच.

*

भाचीने हार मानली नाही, आणि तिची बाजू हलकी नव्हती.

"तुम्ही मरणाऱ्यांबद्दल बोलताय. मी वाचणारीबद्दल बोलते. या सगळ्या चित्रपटांत शेवटी एक मुलगी उरते. कॅरल क्लोव्हर नावाच्या अभ्यासक बाईंनी १९८७ साली तिला नावच दिलं, फायनल गर्ल. शेवटची मुलगी. कुणी वाचवायला येईल म्हणून ती थांबत नाही. ती लपते, ऐकते, डोकं चालवते, हातात येईल ते उचलते. 'हॅलोविन'मधल्या मुलीने विणायची सुई आणि कपडे अडकवायचं हँगर वापरलं. आपल्या सिनेमात बायकांनी किती वर्षं नुसती किंकाळी फोडली आणि नायक धावत आला?"

मग तिने एक गोष्ट सांगितली. 'सायको'त न्हाणीघरात मरणारी नटी जॅनेट ली. 'हॅलोविन'मध्ये वाचणारी नटी जेमी ली कर्टिस, तिचीच मुलगी. आई १९६० साली पडद्यावर मेली, लेक १९७८ साली जिवंत राहिली. "अठरा वर्षांत एवढं तरी बदललं ना? मला ती अठरा वर्षं महत्त्वाची वाटतात. रात्री नऊला क्लासवरून परत येताना मागे पाऊल वाजलं की मला काय होतं, हे तुम्हाला नाही कळणार, मामा. या पुलावर मागचा माणूस तळव्यातून कळतो. बाईला तो रोजच कळतो, डांबरी रस्त्यावरसुद्धा. माझ्या चित्रपटात ती शेवटी वळते. मला तिचं वळणं दाखवायचंय."

मामांना उत्तर सुचलं नाही, आणि त्यांनी ते उगाच शोधलंही नाही. "हे मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले.

इथे भाचीने जे केलं ते वादात फार थोडी माणसं करतात. स्वतःच्या विरुद्ध जाणारा पुरावा तिनेच पुढे ठेवला. २००३चे ते दोन हिंदी चित्रपट, 'कुछ तो है' आणि 'धुंद', ज्या हॉलीवूडपटावरून घेतले तो १९९७चा. तोही एका कादंबरीवरून, लोइस डंकन यांनी १९७३ साली किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या. चार मुलांच्या मोटारीखाली सायकलवरचा एक लहान मुलगा जातो, ते पळ काढतात, आणि वर्षभराने कुणालातरी ते ठाऊक असल्याचं कळतं. पुस्तकात या चौघांपैकी कुणीही मरत नाही. गोष्ट अपराधाच्या ओझ्याची आहे. चित्रपटात मात्र कोळ्याचा रेनकोट घातलेला, हातात मासे उचलायचा आकडा घेतलेला खुनी आला आणि मुलं मरायला लागली. डंकनबाईंची अठरा वर्षांची धाकटी मुलगी १९८९ साली खरोखर गोळ्या घालून मारली गेली होती. आपल्या पुस्तकाचं असं झालेलं पाहून त्यांना धक्का बसला, आणि तो त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला.

"म्हणजे ज्या घरात खरंच झालंय," मामा सावकाश म्हणाले, "त्या घराला हा खेळ बघवत नाही."

"नाही बघवत. मी तेवढं मान्य करते."

*

देवळाच्या सावलीत बसल्यावर भाचीने पिशवीतून मुखवटा काढला. युरियाची रिकामी गोणी. प्लास्टिकची, पांढरी, वरचं छापील अक्षर उलट बाजूला फिरवलेलं, डोळ्यांच्या जागी कात्रीने पाडलेली दोन भोकं, गळ्याशी सुतळी. तिने ती डोक्यावर ओढून दाखवली, आणि खरं सांगायचं तर पोटात खड्डा पडला. भोकांत डोळे दिसत नव्हते, श्वासागणिक प्लास्टिक आत ओढलं जात होतं आणि चुरचुर वाजत होतं.

मामांनी हात पुढे करून ती काढून घेतली. एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खोचला, गोणी उभी धरली आणि स्वतःच्या डोक्यावरून पाठीवर सोडली.

"ही खोळ आहे," ते म्हणाले. "भातलावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर असते. तुझी आजी पावसात हीच घेऊन चिखलात उभी राहायची. आमच्याकडे हिच्या आत ऊब असते. तू ती खुन्याच्या तोंडाला बांधणार?"

भाची म्हणाली, भीती अशीच तयार होते, ओळखीची वस्तू अनोळखी झाली की. 'लपाछपी'त विशाल फुरियांनी उसाच्या फडाचं हेच केलं. आपण ज्या उसाला सुबत्ता म्हणतो त्यात शिरलेली गरोदर बाई बाहेरच येऊ शकत नाही. पण बोलताबोलता ती स्वतःच थांबली. कारण 'लपाछपी'तल्या भीतीला कारण होतं. पोटातच मारलेल्या मुलींचं. तो २०१७ साली लोकांसमोर आला तेव्हा बघणाऱ्यांना आपण कशाला भितोय ते कळत होतं. नंतर त्याचीच हिंदीत 'छोरी' झाली.

मामांनी मग मुखवट्याबद्दल जे सांगितलं ते या लेखकाला सबंध दुपारमधलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपल्याकडे मुखवटा म्हणजे आधी देवाचा. गावच्या देवीचा असतो तो नुसता तांदळा, नाक-डोळे नसलेला शेंदरी दगड. यात्रेच्या दिवशी त्यावर पितळेचा किंवा चांदीचा मुखवटा चढवतात आणि मग तिला चेहरा येतो, ती पालखीत बसून घरोघर जाते, माणसं तिच्या डोळ्यांत बघतात. हॅलोविनवाल्यांनी चेहरा होता त्यावर रंग फासून तो पुसून टाकला. आपला मुखवटा चेहरा देतो. तिकडचा काढून घेतो.

मराठीत मुखवटेवाला खुनी का रुजला नाही, याचं निदान एक कारण इथे असावं. १९९३च्या 'झपाटलेला'चंच उदाहरण घ्या. मूळ अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'मध्ये खुन्याचा जीव बाहुलीत शिरतो आणि ती मुलाच्या मागे लागते. महेश कोठाऱ्यांनी तेच बीज घेतलं, पण रामदास पाध्यांच्या बाहुल्याला दिलीप प्रभावळकरांचं व्यक्तिमत्त्व दिलं, तात्या विंचू असं नाव दिलं, समोर 'लक्ष्या' म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे उभे केले. ती भीती नावागावाची झाली. नव्वदीतली पोरं रात्री बाहुली कपाटात कोंडून ठेवायची आणि दिवसा तात्या विंचूची नक्कल करायची. ज्याला 'तात्या' अशी हाक मारता येते तो कितीही भयानक असो, अनोळखी राहत नाही. भाचीला हे पटलं, पण तिने लगेच बोट ठेवलं: "म्हणजे इथेसुद्धा नाव खुन्यालाच मिळालं."

"मिळालं. पण लक्ष्याचंही राहिलं ना? लोक दोघांची नावं बरोबर घेतात."

*

देवळाच्या परिसरातच कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. मामा प्रत्येक वेळी तिथे जातात. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांवर उगारलेला सय्यद बंडाचा वार जिवा महालांनी अडवला. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. मावळातल्या शाळकरी पोराला विचारा, आधी अडवणाऱ्याचं नाव येतं.

भाचीने समाधीचा फोटो काढला नाही. ती वहीत काहीतरी बघत होती. चित्रपटातल्या चार मुलांची यादी. पहिली होती तिची शेवटची मुलगी, तिला नाव होतं, घर होतं, वडील पोस्टात होते, तिला दम्याचा पंप लागायचा. बाकी तिघांपुढे लिहिलं होतं: 'विनोदी', 'चष्मेवाला', 'मैत्रीण'.

मामांनी वही हातात घेतली आणि शिक्षकासारखी वाचली. "हा विनोदी. कोणत्या गावचा?"

"ठरवलं नाही."

"घरी कोण असतं? सकाळी शाळेत येताना एसटी कुठे पकडतो? मैत्रीण कशाला येते या पुलावर, नुसती मरायला?"

पहिल्यांदाच भाचीकडे उत्तर नव्हतं. मग ती हळूहळू सांगायला लागली. विनोदी मुलगा हिर्डोशीकडचा, धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाडीतला. आई अंगणवाडीत. तो मास्तरांच्या नकला करतो, कारण त्याला वाचता नीट येत नाही आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही. मामा म्हणाले, असा एक होता माझ्या वर्गात. मैत्रिणीचं लग्न ठरलंय, हे तिने अजून कुणालाच सांगितलेलं नाही, पुलावर ती ते सांगायला आलीय. भाची लिहीत होती, मामा मधेच एखादा शब्द बदलून देत होते. मुलं मरणार की नाहीत यावर दोघांचं अजूनही जुळलेलं नव्हतं. भाचीच्या मते एक तरी मेलाच पाहिजे, नाहीतर शेवटच्या मुलीचं वळणं खोटं पडेल. मामांच्या मते जो मरेल त्याचं घर चित्रपट संपल्यावर निदान मिनिटभर दाखवलं पाहिजे. दारातल्या चपला, टांगलेलं दप्तर, काहीही.

"मिनिट फार झालं," ती म्हणाली. "वीस मिनिटांतलं एक मिनिट?"

"दहा सेकंद दे."

"पंधरा देते."

ऊन पुलावरून उतरायला लागलं तेव्हा तिने मोबाइलवर आवाज घ्यायचं ठरवलं. मामांना पलीकडून चालत यायला सांगितलं, खोळ डोक्यावर घेऊन, तोंड मात्र उघडं. स्वतः मधोमध पाठमोरी उभी राहिली. मामा निघाले. फळ्या वाजल्या, तारा किंचित कुरकुरल्या, आणि भाचीने डोळे मिटून घेतले. तळव्यात पाऊल आलं, मग दुसरं. ती वळली. समोर मामा होते, डोक्यावर युरियाची गोणी, एका हातात चप्पल, कारण अंगठा तुटला होता.

भोरकडे जाणाऱ्या एसटीत दोघं बसले तेव्हा दोन मुलांना नावं मिळाली होती. चष्मेवाल्याचं अजून ठरत नव्हतं. मामांनी एक सुचवलं, भाचीने मान हलवली, त्या नावाचा तिच्या वर्गात एक जण आहे म्हणाली. मामा पुढचं नाव शोधायला लागले.